विषाणुसंसर्ग आणि डोके-मानेच्या कर्करोगातील अर्बुद-परिसर

तोंड, घसा, स्वरयंत्र आणि नाकामागील पोकळी यांच्या अस्तरातून उद्भवणाऱ्या कर्करोगाच्या गाठीत कर्कपेशींच्या जोडीने रक्तवाहिन्या, तंतुजनक पेशी, त्यांनी विणलेले कोलॅजेन या प्रथिनाचे धागे आणि रोगप्रतिकार पेशी असतात. या सगळ्या वस्तीला अर्बुद-परिसर म्हणतात. गाठीचे मूळ विषाणूत आहे की तंबाखू-सुपारीत, यावर या वस्तीचे स्वरूप बऱ्याच अंशी ठरते.

मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) १६ क्रमांकाचा प्रकार प्रामुख्याने टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी रुजतो. तेथील खोल खाचांचे अस्तर जाळीदार असून त्याखालचा पडदा सलग नसतो, त्यामुळे विषाणू तळाच्या पेशींपर्यंत सहज पोहोचतो. शिवाय ही जागा मुळातच लसीका पेशींनी, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींनी, भरलेली असते. विषाणूचे ई६ हे प्रथिन पेशीतील पी५३ नष्ट करवते आणि ई७ रेटिनोब्लास्टोमा प्रथिन निकामी करते, म्हणजे पेशीविभाजनाचे दोन्ही लगाम सुटतात. मात्र ही प्रथिने शरीराला परकी असतात आणि त्यांच्यावाचून कर्कपेशीला तग धरता येत नाही, म्हणून ती टाकूनही देता येत नाहीत. परिणामी अशा गाठीत बिघडलेल्या पेशींना ठार करणाऱ्या मारक टी पेशी मोठ्या संख्येने शिरतात, प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी पेशींचे पुंजके बनतात. विषाणूही गप्प राहत नाही: तो पेशीपृष्ठावरील ओळख पटवणारी प्रथिने कमी करतो, पेशीतील धोक्याची सूचना देणारा ‘स्टिंग’ मार्ग दाबतो आणि सततच्या झुंजीने टी पेशी थकतात. तरीही या गाठी किरणोपचाराला अधिक चांगला प्रतिसाद देतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात घशाच्या मध्यभागाच्या (टॉन्सिल आणि जिभेचे मूळ याच भागात येतात) कर्करोगात तीन वर्षे जगलेल्यांचे प्रमाण एचपीव्हीबाधितांत सुमारे ८२ टक्के, तर इतरांत ५७ टक्के होते. रुग्ण दीर्घकाळ धूम्रपान करणारा असल्यास हा लाभ घटतो.

१९६४ मध्ये शोधला गेलेला एपस्टाइन-बार विषाणू नाकामागील पोकळीच्या कर्करोगाशी निगडित आहे. त्या गाठीत लसीका पेशींची इतकी दाटी असते की कर्कपेशी त्यांत विखुरलेल्या दिसतात. दक्षिण चीन आणि नागालँडमध्ये आढळणारा हा रोग विदर्भात विरळा आहे.

ग्रामीण विदर्भातील चित्र मात्र निराळे आहे. वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील खेड्यांत पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत (प्लॅस्टिकच्या तुकड्यात) घोटून तयार केलेला खर्रा तासन्‌तास गालात धरला जातो, आणि गाठही बहुधा गाल, हिरडी किंवा जिभेच्या कडेला येते. सुपारीतील अरेकोलिन तंतुजनक पेशींना उत्तेजित करते आणि तांबे कोलॅजेनच्या धाग्यांची घट्ट वीण बसवते. अस्तराखालचा थर राठ होतो, त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि ज्या तोंडात उभी तीन बोटे जायची तेथे एकही जाईनासे होते. या जमिनीवर वाढलेल्या गाठीत प्राणवायूची टंचाई असते, प्रतिकार दडपणाऱ्या पेशी जास्त असतात आणि टी पेशी अनेकदा गाठीच्या काठाशीच अडून राहतात. येथे पी५३ विषाणूने नष्ट केलेले नसते, तर तंबाखूतील रसायनांनी त्याच्या जनुकात बिघाड केलेला असतो.

या फरकामुळे तपासणीचा अर्थ लावताना गफलत होते. ई७च्या कृतीमुळे पेशीत पी१६ हे प्रथिन साचते, म्हणून टॉन्सिलच्या गाठीत ते एचपीव्हीची उपयुक्त खूण ठरते आणि २०१७ पासून अशा गाठींसाठी रोगाच्या टप्प्यांची वेगळी मांडणी वापरली जाते. गालाच्या गाठीत ती खूण भरवशाची नाही. सेवाग्राम किंवा नागपूरहून आलेल्या अहवालात ‘पी१६ पॉझिटिव्ह’ दिसले, तर आधी गाठ कोणत्या जागेची आहे हे पाहावे लागते. गालाची असेल तर त्या एका शब्दावरून रोग विषाणूचा आहे किंवा लवकर बरा होईल, असा निष्कर्ष काढता येत नाही.