फीडरला छप्पर का आले आणि ब्लीच का लागले

हिवाळ्यात बर्ड फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणा ठेवायचे साधन, कसा सांभाळावा याचे आज ठरलेले नियम आहेत: दाणा कोरडा ठेवा, थोडा थोडा भरा, दर पंधरवड्याला धुवा. हे नियम कुणी एका बैठकीत लिहून काढले नाहीत. बहुतेकांच्या मागे आधीच्या एखाद्या फीडरची फजिती आहे.

1890-91चा हिवाळा ब्रिटनमध्ये इतका कडक पडला की पक्ष्यांसाठी बाहेर खाणे ठेवा, असे आवाहन वर्तमानपत्रांनी केले. 1910 मध्ये ‘पंच’ साप्ताहिकाने पक्ष्यांना खाऊ घालणे हा राष्ट्रीय छंद झाल्याचे लिहिले. लोक ठेवत ते मात्र पावाचा चुरा आणि ताटातले उरलेसुरले. थंडीत पक्ष्याला हवी असते चरबी. वल्गुलीच्या (टिट) कुळातला चिकडी हा उत्तर अमेरिकेतला पक्षी जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा असतो आणि कडाक्याच्या एका रात्रीत त्याचे सुमारे दहा टक्के वजन ऊब टिकवण्यात खर्ची पडते. पावाने त्याचे पोट भरते, ही तूट भरत नाही. शिवाय पाव भिजतो, गोठतो, ऊन पडले की बुरसतो.

जर्मनीतले बॅरन हान्स फॉन बर्लेप्श यांनी या प्रश्नाकडे पहिल्यांदा नीट पद्धतशीरपणे पाहिले. त्यांच्या कामावरचे मार्टिन हीझमान यांचे पुस्तक विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इंग्रजीतही आले. बर्लेप्श यांचे म्हणणे साधे होते: रोजच्या थंडीत पक्षी आपले निभावून नेतात. ते मरतात ते अचानक बर्फ पडून किंवा फांद्यांवर बर्फाचा पापुद्रा चढून खाणे झाकले गेले की. म्हणून नेमक्या त्या दिवशी उघडा राहील तोच खरा फीडर. त्यांचे ‘खाद्यघर’ म्हणजे खांबांवरचे छप्पर, आत दाण्याची फळी आणि वारा-बर्फ अडवायला छपराखाली काचा. त्यांचा ‘खाद्यवृक्ष’ आणखी नामी होता. पावाचा चुरा, सुके मांस, भांगेचे बी, खसखस, वरी, ओट, सूर्यफूल आणि मुंग्यांची अंडी असे मिश्रण करायचे, त्यात दीडपट जनावराची चरबी वितळवायची आणि ते गरमागरम सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओतायचे. आजचा चरबीचा गोळा या पाककृतीचाच वंशज. फक्त तो जाळीच्या पिशवीत टांगू नये, कारण पाय आणि नखे अडकतात. खारवलेल्या मांसाची चरबीही नको. त्यातले मीठ इवल्या शरीराला झेपत नाही.

पुढे बराच काळ अंगणात उघड्या फळीचेच राज्य होते. तिच्यावर बर्फही साचे आणि पक्ष्यांची विष्ठाही. 1969 मध्ये अमेरिकेत पीटर किलहॅम यांच्या ‘ड्रोल यांकीज’ने पारदर्शक नळीचा फीडर आणला: बाजूला भोके, भोकाखाली बसायला दांडी, दाणा आत कोरडा. विष्ठा दाण्यात पडणे बरेच कमी झाले, पण नळीने स्वतःची खोडही आणली. सर्वांत खालच्या भोकाच्या पातळीखाली दोन-तीन बोटे दाणा अडकून राहतो. भोकांतून शिरलेले बर्फ तिथे वितळते, दाण्याचा लगदा होतो, रात्री त्याचा दगड बनतो आणि उबदार दिवशी त्यावर बुरशी धरते. म्हणून वरून भर घालण्याआधी नळी उलटी करून तळ रिकामा करावा, पाणी निथळायची भोके काडीने मोकळी करावीत आणि दोन दिवसांत संपेल इतकाच दाणा भरावा. नेहमीची चूक एकच: जुन्यावर नवा ओतत राहणे.

दाणा कोणता, याचा निकाल 1980 मध्ये लागला. एल्रेड गाईस यांनी अमेरिकी मत्स्य व वन्यजीव सेवेसाठी पक्ष्यांची पसंती मोजून पाहिली. तेलासाठी पिकवले जाणारे काळे, पातळ सालीचे सूर्यफूल आणि पांढरी वरी सरस ठरली. स्वस्त मिश्रणात भरीला घातलेली ज्वारी, गहू, ओट यांना फारसे गिऱ्हाईक नव्हते. पक्षी ते चोचीने उडवून खाली टाकतात. खाली ते कुजते आणि उंदीर येतात. कारळ्याचे बी फिंच या दाणे खाणाऱ्या छोट्या पक्ष्यांचे लाडके; त्यात मिसळलेले तणाचे बी रुजू नये म्हणून अमेरिकेत ते उष्णता देऊनच आयात होते. मात्र जुने, वाळलेले कारळे पक्षी सोडून देतात.

आपण गावाला गेलो तर पक्षी उपाशी मरतील का, ही धास्ती जुनीच. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या अभ्यासात (1988) फीडर असलेल्या भागात 69 टक्के चिकडींनी हिवाळा काढला, नसलेल्या भागात 37 टक्क्यांनी. फरक मुख्यतः कडक थंडीच्या महिन्यांत पडला. त्याच संशोधकांनी पुढे वर्षानुवर्षे चालू असलेले फीडर काढून घेऊन पाहिले, तेव्हा तिथल्या चिकडींचे मरण वाढले नाही. फीडर हा जोडधंदा आहे. थंडीची लाट चालू असताना तो एकाएकी बंद करू नये, एवढेच.

खरे वळण रोगांनी दिले. 1994 मध्ये अमेरिकेत हाउस फिंचमध्ये डोळ्यांची साथ दिसली. दूषित फीडरच्या भोकांना डोळा घासला की जंतू लागतो. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये फिंच पक्ष्यांत ट्रायकोमोना या सूक्ष्म परजीवीचा रोग आढळला. तो लाळेने माखलेल्या दाण्यातून पसरतो आणि घशाला सूज आणून पक्ष्याला गिळू देत नाही. 2009 पर्यंत तिथले ग्रीनफिंच सुमारे 43 लाखांवरून 28 लाखांवर आले. छप्पर आणि नळीने बर्फावर मात केली होती, गर्दीवर नाही. जानेवारी 2025 मध्ये ब्रिटनच्या आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेने सपाट फीडरची विक्री थांबवली, ती याच धास्तीने.

धुण्याची रीत अशी: आधी साबणाने घासून चिकटलेली घाण काढायची, कारण तिच्या थराखाली ब्लीच पोहोचत नाही. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत दहा मिनिटे बुडवायचे, खळखळून धुवायचे आणि पूर्ण वाळवायचे. हिवाळ्यात गोची इथेच होते: बाहेर वाळत नाही आणि ओल्या नळीत दाणा भरला जातो. दोन फीडर आलटून पालटून वापरले की हा प्रश्न मिटतो. फीडरखालची फोलपटे आणि विष्ठाही त्याच दिवशी खरवडून काढावी. पिसे फुगवून बसलेला, जवळ गेले तरी न उडणारा पक्षी दिसला तर सगळे फीडर निदान दोन आठवडे उतरवावेत, म्हणजे पक्षी पांगतात. पाण्याचे भांडेही त्याच दिवशी उचलावे.