पाय पाळण्यात दिसतात, पण पाळणा कुठला?

कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये एका पोराने ६४ सामन्यांत ९० पॉइंट केले. दुसऱ्याने स्वीडनच्या अव्वल लीगमध्ये ४० सामन्यांत १८. तिसरा एएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतली अव्वल लीग एनएचएल, तिच्या लगेच खालच्या पायरीवर, ६० सामन्यांत ४५ करून बसला आहे. तिघेही तुमच्या फँटसी संघाच्या राखीव यादीत आहेत आणि जागा दोघांनाच आहे. सोडायचं कोणाला? (तिघे काल्पनिक आहेत, पण असे आकडे नेहमी समोर येतात.)

इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. गोल केला की एक पॉइंट, गोलसाठी पास दिला की तो असिस्ट, त्याचाही एक पॉइंट. आपल्याकडचं फँटसी क्रिकेट बहुतेक वेळा एका सामन्यापुरतं असतं. उत्तर अमेरिकेतल्या 'डायनेस्टी' लीगमध्ये मात्र खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात, म्हणून एनएचएलमध्ये न पोचलेली १८-१९ वर्षांची पोरंही आधीच उचलून ठेवतात. त्यांना म्हणतात प्रॉस्पेक्ट. त्यांची क्रमवारी लावणं म्हणजे चार-पाच वर्षांनंतरचा अंदाज आज बांधणं.

पहिली पायरी ठरलेली आहे: सगळ्यांचे पॉइंट एकाच चलनात आणायचे. या रूपांतराला 'एनएचएलई' म्हणतात. एका लीगमधून एनएचएलमध्ये गेलेल्या खेळाडूंचे पॉइंट किती टक्के टिकले, हे पाहून त्या लीगचा गुणक काढतात. प्रत्येकाचे गुणक थोडे वेगळे असतात. आपण ढोबळ धरू: स्वीडन ०.६, एएचएल ०.४५, कॅनडाची ज्युनियर लीग ०.३. सामन्यामागचे पॉइंट गुणिले गुणक गुणिले ८२ सामने. ज्युनियरवाल्याचे होतात ३५, एएचएलवाल्याचे २८, स्वीडनवाल्याचे २२. बरेच जण इथेच थांबतात आणि स्वीडनवाल्याला सोडून देतात.

आता बर्फावरची मिनिटं बघा. ज्युनियर संघातला हुकमी खेळाडू सामन्यात २१ मिनिटं खेळतो, पॉवर प्ले (समोरचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असतानाचा खेळ) त्याच्याच काठीवर चालतो. स्वीडनमध्ये पुरुषांच्या संघातल्या कोवळ्या पोराला १२ मिनिटं मिळाली तरी प्रशिक्षकाचे आभार मानायचे. ४० सामने गुणिले १२ मिनिटं म्हणजे ८ तास; १८ पॉइंट म्हणजे तासाला २.२५, आणि ०.६ ने गुणल्यावर १.३५. ज्युनियरवाल्याचे २२.४ तासांत ९०, म्हणजे तासाला ४.०२, पण ०.३ ने गुणल्यावर १.२. एएचएलवाल्याला सामन्यामागे १८ मिनिटं मिळाली असतील तर तासाला २.५, गुणून १.१३. क्रम बदलला, शेवटचा पहिला झाला. गुणक मुळात सामन्यामागचे आहेत, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण कोणाला कमी लेखलं जातंय ते त्यात दिसतं. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे खरं, फक्त पाळणा कुठल्या घरातला आणि त्यात झोपायला किती वेळ मिळाला, हे विचारायला हवं.

गुणकात आणखी एक खोट आहे. तो फक्त वर गेलेल्यांवरून काढलेला असतो. जे खालीच राहिले ते हिशेबात येतच नाहीत. म्हणून तो जरा उदार असतो. शिवाय लीग बदलली की जुना गुणक शिळा होतो. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये खेळलेल्यांना अमेरिकेच्या कॉलेज हॉकीचे दरवाजे ऑगस्ट २०२५ पासून उघडले. गॅव्हिन मकेना २०२४-२५ मध्ये मेडिसिन हॅट या ज्युनियर संघाकडून ५६ सामन्यांत १२९ पॉइंट करून थेट पेन स्टेट या अमेरिकी विद्यापीठात गेला. अशी पोरं कॉलेजात यायला लागल्यावर कॉलेजचा १० वर्षांपूर्वीचा गुणक डोळे मिटून लावू नये. ज्युनियरचाही नाही.

मग येतं वय, आणि इथे वर्षांत मोजून भागत नाही, महिन्यांत मोजावं लागतं. एनएचएलचे संघ दरवर्षी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट; त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण, हा त्याचा नियम. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ चा. दोन दिवसांनी २०१५ चा ड्राफ्ट हुकला आणि तो २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला पॅट्रिक लाइने १९ एप्रिल १९९८ चा, म्हणजे सात महिन्यांनी लहान. १८ व्या वर्षी सात महिने म्हणजे खांदे भरण्याइतका काळ. वर आपण तिघांची वयं लिहिलीच नव्हती: समजा ज्युनियरवाला १९ वर्षं ४ महिने, स्वीडनवाला १८, एएचएलवाला २३. आता एएचएलवाल्याच्या ४५ पॉइंटांचं कौतुक आपोआप ओसरतं, कारण त्या वयात वाढीला फारसा वाव उरत नाही.

गंमत अशी की लहान मुलांच्या हॉकीत वयोगट जानेवारीपासून धरतात. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा लहानपणापासून आपल्या गटात सगळ्यांत धाकटा असतो आणि ड्राफ्टमध्ये मात्र थोरल्यांत मोडतो. १९८० ते २००६ च्या ड्राफ्टचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुलै ते डिसेंबरमध्ये जन्मलेले खेळाडू, जानेवारी ते मार्चवाल्यांच्या तुलनेत, त्यांच्या पुढच्या कामगिरीला साजेशा जागेपेक्षा ४० हून अधिक क्रमांक खाली निवडले गेले होते. म्हणजे व्यावसायिक निवडकर्तेही थोराड अंगाला भुलतात. फँटसीत हा आयता फायदा आहे: दोघे अगदी तोडीस तोड वाटले तर वर्षाच्या उत्तरार्धातला घ्या.

नशिबाचा वाटा काढायला सोपी युक्ती आहे. खेळाडूच्या शॉटमध्ये २०० काल्पनिक शॉट मिसळायचे, त्यावर लीगच्या सरासरीने गोल धरायचे आणि मग किती टक्के शॉट गोल झाले ते काढायचं. एनएचएलमध्ये सरासरी १० टक्के धरली तरी चालते. ज्युनियरला त्या लीगची स्वतःची घ्या. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेल्या नेल याकुपोव्हने पदार्पणात ४८ सामन्यांत ८१ शॉटवर १७ गोल केले, म्हणजे २१ टक्के. युक्ती लावली तर (१७ + २०) भागिले (८१ + २००), साधारण १३ टक्के. पुढच्या मोसमात त्याने ६३ सामन्यांत ११ गोल केले. त्या दोन मोसमांच्या मधल्या उन्हाळ्यात त्याला विकून टाकणारे मालक हुशार होते की नशीबवान, हे सोडून द्या; गणित त्यांच्या बाजूने होतं. हाच नियम डिसेंबर-जानेवारीतल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेला. तिथे एका संघाचे फार तर ७ सामने होतात. तेवढ्यावर कोणाला २० जागा वर चढवणं म्हणजे पहिल्या पावसावरून पीकपाणी सांगणं.

इथवरचं काम कोणाच्याही यादीत असतं. क्रमवारी तुमची होते ती तुमच्या लीगच्या नियमांमुळे, आणि याच जागी सगळ्यांत जास्त चुका होतात. समजा १२ मालक आहेत आणि प्रत्येकाचे ९ फॉरवर्ड खेळतात: एकूण १०८. एनएचएलमध्ये ३२ संघ, प्रत्येकी १२ फॉरवर्ड, म्हणजे एकूण ३८४ जण बर्फावर. तेव्हा १०९ वा फॉरवर्ड तुम्हाला कधीही फुकट मिळतो. मग 'हा नक्की तिसऱ्या फळीत (म्हणजे संघातल्या दुय्यम फॉरवर्डांत) खेळेल' अशा भरवशाच्या पोराची तुमच्या लेखी किंमत शून्य. उलट ज्याची तारा व्हायची शक्यता २० टक्केच आहे, पण झाला तर फुकटात मिळणाऱ्यापेक्षा मोसमात ३० पॉइंट जास्त देईल, त्याची किंमत ०.२ गुणिले ३०, म्हणजे ६. उरलेल्या ८० टक्क्यांत तो फसला तर सोडून द्यायचा, तोटा फक्त अडवलेल्या जागेचा. लीग ३० मालकांची असेल, किंवा अंगावर जाऊन दिलेल्या धडका आणि अडवलेले शॉट यांनाही गुण असतील, तर तोच तिसऱ्या फळीतला गडी अचानक महाग होतो.

थांबण्याचीही किंमत लावा. दरवर्षी १५ टक्के घट धरली तर दोन वर्षांनी येणाऱ्याचे ७२ टक्के उरतात, पाच वर्षांनी येणाऱ्याचे ४४. किरिल काप्रिझोव्ह २०१५ मध्ये १३५ वा निवडला गेला, रशियातच खेळत राहिला आणि एनएचएलमध्ये उतरला जानेवारी २०२१ मध्ये. त्याच मोसमात सर्वोत्कृष्ट नवोदिताची काल्डर ट्रॉफी त्याने घेतली. तो हिशेब शेवटी फायद्याचाच ठरला, पण तेवढी वर्षं एक जागा अडकून होती.

या सगळ्यावरून आलेल्या यादीत १, २, ३ असे आकडे घालू नयेत असं माझं मत. ११ वा आणि १४ वा यांत फरक सांगण्याइतकी ताकद या आकड्यांत नाही. चार-पाच गट पाडा. गटाच्या आत जागा, दुखापत, करार बघून ठरवा. आपल्या तिघांपैकी स्वीडनवाला वरच्या गटात, ज्युनियरवाला त्याच्याखालच्या, आणि एएचएलवाल्याला सोडा.

गोलकीपरांची यादी मात्र वेगळीच ठेवा. वरचा एकही गुणक त्यांना लागू पडत नाही. हेन्रिक लुंडक्विस्ट २०५ वा, पेक्का रिने २५८ वा, कॉनर हेलेबक १३० वा, इगोर शेस्टर्किन ११८ वा निवडला गेला होता. शेस्टर्किनचा ड्राफ्ट २०१४ चा आणि एनएचएलमधला पहिला सामना जानेवारी २०२० चा. १८ वर्षांच्या गोलकीपरसाठी जागा अडवण्यापेक्षा एएचएलमध्ये दोन मोसम काढलेला, ज्याच्या वरच्या गोलकीपरचा करार संपत आला आहे असा २२-२३ वर्षांचा शोधा. तो बऱ्याचदा कोणाच्याच यादीत नसतो.