पेसमेकरची तार आणि कडुलिंबावरचं एरियल

आर्वी तालुक्यातल्या आमच्या मामाजींना कंबरदुखीसाठी एमआरआय सांगितला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "थे चुंबक माह्या छातीतली मशीन वढून घेईन काय?"

प्रश्न खुळा नाही. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप) चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या ३० हजार पटींहून जोरकस असतं. पण आताच्या पेसमेकरमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणाऱ्या छातीतल्या डबीत, ओढलं जाईल असं लोखंड फार थोडं असतं. खरी गोम डबीत नाही, डबीपासून हृदयात गेलेल्या तारेत, म्हणजे लीडमध्ये आहे.

पूर्वी रेडिओ खरखरला की आपण कडुलिंबाला तांब्याची तार ताणायचो. लांबी वाढवली, दिशा फिरवली की आवाज सुधरायचा. एमआरआयच्या बोगद्यात लीडचंही असंच एरियल होतं. हे मशीन शरीरावर सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडतं. एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली. हवेत ही लहर साडेचार मीटरहून लांब असते, पण पाणीदार शरीरात आखडून अर्ध्या मीटरच्या आसपास येते. लीडची लांबीही साधारण ५०-६० सेंटिमीटर! म्हणजे तार लहर पकडायला तयारच बसलेली. तारेवर वेष्टण असतं, उघडं फक्त टोक. ठिबकच्या नळीला शेवटी एकच भोक असावं, तसा सगळा जोर तिथे निघतो आणि टोकाला टेकलेला हृदयाचा स्नायू तापतो.

म्हणून "कमी टेस्लाचं मशीन, कमी धोका" हा हिशेब सरळ लागत नाही. ३ टेस्लाला लहर निम्मी होते, मग वेगळ्या लांबीच्या तारा तापतात. तार शरीरात कशी वळली आहे, यानंही फरक पडतो. जुनी डबी काढून तार आतच सोडलेली असेल, तर तिचं टोक अनेकदा जास्त तापतं.

उपाय तारेपासूनच सुरू होतात. तारेतल्या वेटोळ्यांची गुंफण बदलली की ती पेसमेकरचे विजेचे ठोके जाऊ देते, पण रेडिओलहरींना अडवते. अमेरिकेत २०११ साली एमआरआयसाठी बनवलेल्या पहिल्या पेसमेकरला मान्यता मिळाली. मात्र डबी आणि तार, दोन्ही मिळून मान्य लागतात; नव्या डबीला कुठलीही जुनी तार जोडून चालत नाही. संशोधक आता मशीनची बाजूही बदलू पाहताहेत: अनेक कॉइल्समधून लहरी अशा सोडायच्या, की तारेच्या वाटेवर त्यांचा जोर एकमेकांना कापून टाकेल. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण आधीच बसवलेल्या तारांनाही तो लागू पडू शकतो.

मामाजींचं पेसमेकर-कार्ड दोन दिवस शोधून सातबाऱ्याच्या फायलीत सापडलं. नागपूरला तंत्रज्ञानं आधी छातीचा एक्स-रे काढला. दोन तारा दिसल्या, कार्डावरही दोनच होत्या. मग पेसमेकरचा प्रोग्राम तेवढ्यापुरता बदलला, बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि तासाभरानं मामाजी बाहेर आले. "वढलं तं नाही," ते म्हणाले, "पण थ्रेशरात बसवल्यावानी वाटलं बाप्पा."