खांदा निखळला आणि पिस्तूल हाती आलं

1896 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या ससून डॉकला एक होडी लागत होती. धक्क्याच्या भिंतीतली लोखंडी कडी एका 21 वर्षांच्या उतावळ्या लेफ्टनंटने पकडली, तेवढ्यात लाट ओसरून होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला. त्याचं नाव विन्स्टन चर्चिल. तो खांदा त्याला पुढे आयुष्यभर छळत राहिला. तलवार चालवणं अवघड होऊन बसलं. म्हणून 2 सप्टेंबर 1898 रोजी सुदानमध्ये, ओमदुर्मानच्या लढाईत, 21 व्या लान्सर्स या घोडदळाबरोबर घोडा फेकताना त्याने तलवार म्यान केली आणि माउझरचं पिस्तूल उपसलं.

हे पिस्तूल म्हणजे सी-96. जर्मनीतल्या ओबेर्नडॉर्फच्या माउझर कारखान्यात फीडर्ले आडनावाच्या तिघा भावांनी ते घडवलं. 1895 चं पेटंट मात्र कारखान्याचे प्रमुख पाउल माउझर यांच्या नावावर निघालं. (कारखान्यांची ही रीत जुनीच!)

रिव्हॉल्व्हरमध्ये पुढची गोळी समोर आणायला माणसाच्या बोटाची ताकद लागते. सी-96 हे काम गोळीच्याच धक्क्याकडून करून घेतं. साडेपाच ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे 430 मीटर वेगाने पुढे सुटते, तेव्हा तितकाच संवेग मागच्या दिशेने पिस्तुलाला मिळतो. सव्वा किलोच्या आतबाहेरचं हे हत्यार अधांतरी असतं, तर सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वेगाने मागे गेलं असतं. एरवी मनगटाला हिसका देऊन फुकट जाणारी ही हालचाल इथे कामाला लावली आहे.

खरी अडचण वेळेची. गोळी नळीत असताना आत वायूचा प्रचंड दाब असतो. त्याच क्षणी मागचं दार, म्हणजे बोल्ट, उघडलं तर काडतुसाची पितळी पुंगळी फुटून गरम वायू चालवणाऱ्याच्या तोंडावर येईल. म्हणून नळी आणि बोल्ट सुरुवातीला खालच्या एका अडसराने एकमेकांत अडकवलेले असतात आणि जोडीनेच मागे सरकतात. ही जोडी गोळीच्या शंभरपट वजनाची धरली, तर 14 सेंटिमीटरच्या नळीतून गोळी बाहेर पडेपर्यंत जोडी जेमतेम दीड मिलिमीटर सरकलेली असते. गोळी निघून गेली, दाब उतरला, की हा अडसर खाली घसरतो आणि बोल्ट मोकळा होतो. तो एकटाच मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर भिरकावतो, घोडा चढवतो, स्प्रिंग दाबतो. परत येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. डोळ्याचं पातं लवण्याआधी हे सगळं उरकलेलं असतं.

हे दहा-वीस वर्षं आधी का जमलं नाही? जुनी काळी दारू जळताना इतकी काजळी सोडायची, की अशी नाजूक यंत्रणा थोड्याच वेळात अडकली असती. 1884 मध्ये फ्रान्सच्या पाउल व्ये यांनी धूर न करणारी दारू तयार केली आणि वाट मोकळी झाली.

सी-96 ची काडतुसांची पेटी मुठीत नसून चापाच्या पुढे असते. धातूच्या पट्टीत ओवलेली दहा काडतुसं वरून अंगठ्याने दाबून भरायची. मूठ खराट्याच्या दांड्यासारखी गोल. आतले भाग एकमेकांत असे गुंतवलेले, की अख्ख्या पिस्तुलात स्क्रू एकच, तोही मुठीच्या फळ्यांसाठी. मला सगळ्यात हुशारीची वाटते ती लाकडी पेटी: त्यात पिस्तूल ठेवायचं, आणि हवं तेव्हा तीच पेटी मुठीला मागून जोडून खांद्याला लावायची. झाली छोटी रायफल.

इतकं करूनही मोठ्या सैन्यांनी त्याला आपलं नेहमीचं पिस्तूल केलं नाही. महाग, किचकट, बोजड. खुद्द जर्मन सैन्याने 1908 मध्ये लुगर हे दुसरं पिस्तूल निवडलं. पहिल्या महायुद्धात लुगर पुरेनात, तेव्हा माउझरकडे दीड लाख नगांची मागणी गेली, पण सैन्याच्या 9 मिलिमीटर काडतुसासाठी. मूळच्या 7.63 मिलिमीटरच्या नगांशी गल्लत होऊ नये म्हणून मुठीवर मोठा लाल 9 कोरला.

चीनमध्ये मात्र त्याचं नशीब उघडलं. 1919 पासून दहा वर्षं परकी शस्त्रांवर बंदी होती. सरदारांना रायफली मिळणं कठीण, पण पिस्तुलं वाट काढत पोचत होती. लोक त्याला ‘पेटी-तोफ’ म्हणत. पुढे चाप दाबून धरला की सलग गोळ्या सुटणारे नमुने आले. नळी हातापेक्षा उंचावर असल्याने प्रत्येक धक्क्याला तोंड वर उचललं जाई. त्यावर उपाय म्हणून पिस्तूल आडवं धरत. मग तीच उसळी गोळ्यांचा आडवा पट्टा मारून देई.

आपल्याकडे क्रांतिकारकांचं पिस्तूल म्हटलं की नाशिकचं जॅक्सन प्रकरण आठवतं, पण ते ब्राउनिंग होतं. माउझर आलं कलकत्त्याला. 26 ऑगस्ट 1914 रोजी रॉडा या शस्त्रविक्रेत्या कंपनीचा कारकून श्रीशचंद्र मित्र याने कस्टम हाउसमधून 202 पेट्या सोडवल्या आणि गोदामात 192 च पोचवल्या. उरलेल्या दहांत 50 माउझर आणि 46,000 काडतुसं होती; ती क्रांतिकारकांच्या हाती गेली. पुढल्या वर्षी 9 सप्टेंबरला ओडिशातल्या बालासोरजवळ बंगाली क्रांतिकारक बाघा जतीन आणि त्यांचे चार साथीदार पोलिसांशी लढले ते माउझर पिस्तुलांनिशीच. लाकडी पेटी जोडून रायफल करण्याच्या सोयीची दखल क्रांतिकारकांच्या हालचालींची चौकशी करणाऱ्या सरकारी रौलट समितीने 1918 च्या अहवालात मुद्दाम घेतली. तोवर पोलिसांच्या हाती 31 पिस्तुलं लागली होती.