तेजोमेघ फिल्टर

तेजोमेघ फिल्टर : दुर्बिणीच्या नेत्रिकेला आट्यांनी बसवायची, वर्णपटातला ठरावीक अरुंद पट्टाच आरपार जाऊ देणारी लेपित काच. उत्सर्जन तेजोमेघ (स्वतः चमकणारे वायूचे ढग), ग्रहीय तेजोमेघ (मरत्या ताऱ्याने फेकलेले वायूचे कवच, ग्रहांशी संबंध नाही) आणि अतिदीप्त नवताऱ्यांचे अवशेष यांचा दृश्य प्रकाश मोजक्या रेषांत एकवटलेला असतो, तर दिव्यांनी उजळलेल्या आकाशाचा प्रकाश वर्णपटभर पसरलेला असतो. या फरकामुळे फिल्टर लावल्यावर आकाश काळे होते आणि तेजोमेघाचे फारसे नुकसान होत नाही. फिल्टरने तेजोमेघ उजळ होत नाही, उलट थोडा मंदच होतो. वाढतो तो पार्श्वभूमीशी असलेला विरोध. जाहिरातींमुळे याबाबत उलटा समज पसरला आहे, म्हणून हे आरंभीच सांगणे भाग आहे.

रेषांचा शोध : फिल्टरची सगळी मदार ज्या तीन रेषांवर आहे त्या प्रथम पाहिल्या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्झ यांनी. २९ ऑगस्ट १८६४ रोजी लंडनच्या टल्स हिल भागातील आपल्या खाजगी वेधशाळेतून त्यांनी कालेय तारकासमूहातील एनजीसी ६५४३ (एनजीसी ही अशा ज्योतींची एक यादी) या ग्रहीय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला. ताऱ्यांसारखा अखंड रंगपट्टा न दिसता सुट्या दीप्त रेषा दिसल्या. तेजोमेघ म्हणजे सुटे न दिसणारे दूरचे तारे की वायू, हा जुना वाद निदान या प्रकारच्या तेजोमेघांपुरता तिथे मिटला. तीनपैकी ४८६.१ नॅनोमीटरची रेषा हायड्रोजनची (एच-बीटा) होती. उरलेल्या दोन, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या, कोणाच्या हे मात्र साठ वर्षांहून अधिक काळ कोडेच राहिले. हगिन्झ यांनी सर्वांत ठळक रेषेचे नाते प्रथम नायट्रोजनशी जोडले. नॉर्मन लॉकयर यांनी ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड असल्याचा आग्रह धरला आणि त्यावर तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे ही आपली उपपत्ती उभी केली. १८९०-९१ च्या सुमारास लिक वेधशाळेच्या ३६ इंची दुर्बिणीवर जेम्स कीलर यांनी रेषेचे स्थान काटेकोरपणे मोजले. ते मॅग्नेशियमशी जुळले नाही.

मग पृथ्वीवर न सापडलेले ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. हे नाव हगिन्झ यांनी १८६४ मध्येच दिले, असे अनेक संदर्भग्रंथांत आढळते. दुसऱ्या मतानुसार ते शतकाच्या अखेरीस रूढ झाले, आणि त्यासाठी त्यांच्या पत्नी मार्गारेट हगिन्झ यांच्या १८९८ मधील टिपणाचा दाखला दिला जातो. हगिन्झ यांचा सुरुवातीचा कल नायट्रोजनकडे होता हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत असे दाखवले आणि नेब्युलियम इतिहासजमा झाले. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत अणूंच्या टकरी सतत होत असल्याने हे उत्सर्जन घडण्याआधीच ऊर्जा निघून जाते. तेजोमेघाच्या कमालीच्या विरळ वायूत अणूला तेवढी उसंत मिळते. म्हणून या रेषांना ‘निषिद्ध’ म्हणतात. उदासीन अणूला रोमन एक, एक इलेक्ट्रॉन गेलेल्याला दोन, या गणतीने हा ऑक्सिजन तिसरा. फिल्टरवरच्या ‘ओ-थ्री’चा अर्थ एवढाच. दोन रेषांच्या तेजाचे प्रमाण अणूच्या रचनेनेच ठरलेले आहे : ५००.७ ची रेषा ४९५.९ च्या जवळजवळ तिप्पट तेजस्वी.

तीनही रेषा १५ नॅनोमीटरच्या आत आहेत, आणि अंधाराला सरावलेला डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतो. निसर्गाने हौशी निरीक्षकाला दिलेली याहून मोठी देणगी सांगणे कठीण. छायाचित्रांत तेजोमेघ लाल करणारी ६५६.३ नॅनोमीटरची एच-आल्फा रेषा मात्र अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडाकार पेशींना जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे तिचा फिल्टर कॅमेऱ्यासाठी ठीक, डोळ्यासाठी निरुपयोगी.

रचना व प्रकार : काचेवर कमी-अधिक अपवर्तनांकाच्या पदार्थांचे अनेक पातळ थर चढवून प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने हवा तो पट्टा निवडला जातो. दृश्य निरीक्षणासाठीचे असे फिल्टर १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लुमिकॉन कंपनीमुळे हौशी निरीक्षकांच्या हाती पडू लागले. ‘यूएचसी’ (अल्ट्रा हाय कॉन्ट्रास्ट) हे तिने आपल्या फिल्टरला दिलेले नाव आज इतर उत्पादकांच्या फिल्टरांनाही लावले जाते. यूएचसीचा पट्टा साधारण २५ नॅनोमीटर रुंद असून त्यातून तीनही रेषा जातात. ओ-थ्रीचा पट्टा १० ते १२ नॅनोमीटरचा असतो आणि त्यातून ऑक्सिजनच्या दोनच रेषा जातात. एच-बीटातून फक्त हायड्रोजनची जाते. याहून रुंद पट्ट्यांचे ‘प्रकाश प्रदूषण फिल्टर’ मिळतात, पण शहरात त्यांचा उपयोग नाममात्र.

ढोबळ हिशेब असा. रात्रीच्या दृष्टीची परिणामी रुंदी १०० नॅनोमीटर धरली, तर यूएचसीने आकाश चौपट, म्हणजे दीड प्रत काळे होते (प्रत हे तेज मोजण्याचे एकक; आकडा मोठा तितके तेज कमी). १० नॅनोमीटरच्या ओ-थ्रीने दसपट, म्हणजे अडीच प्रत. मोठ्या शहराचे आकाश दर चौरस विकलेला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सुमारे १८ प्रतीचे आणि निसर्गतः काळे आकाश २२ प्रतीचे मानले, तर मधला फरक चाळीस पटींचा आहे. फिल्टर त्यातला काही भागच भरून काढतो. गावाबाहेर जाण्याला तो पर्याय नाही. खरे तर काळ्या आकाशाखाली तो अधिकच खुलतो.

तिरप्या किरणांचा परिणाम : व्यतिकरण फिल्टरवर किरण तिरपा पडला की पट्टा निळ्या बाजूला सरकतो. थरांचा परिणामी अपवर्तनांक २ धरल्यास एफ/४ (नाभीय अंतर व्यासाच्या चौपट) दुर्बिणीत कडेच्या किरणांसाठी हे सरकणे जेमतेम १ नॅनोमीटर भरते. डोळ्याने पाहताना ते जाणवत नाही. फिल्टर हातात धरून डोळा आणि नेत्रिका यांच्यामध्ये आत-बाहेर करण्याची जी प्रसिद्ध युक्ती आहे, तिथे मात्र हेच तत्त्व घात करते. ६० अंश दृश्यक्षेत्राच्या नेत्रिकेतून कडेचे किरण ३० अंशांनी तिरपे बाहेर येतात, आणि तिथे पट्टा जवळपास १६ नॅनोमीटर सरकतो. ओ-थ्रीच्या पट्ट्यातून ५००.७ ची रेषा पूर्णच निसटते. परिणामी दृश्यक्षेत्राच्या कडेचा ग्रहीय तेजोमेघ फिल्टरने दिसण्याऐवजी नाहीसा होतो, आणि नवखा निरीक्षक फिल्टरलाच दोष देतो. ही युक्ती दृश्यक्षेत्राच्या मध्याशीच वापरावी. मध्याशी ती विलक्षण परिणामकारक आहे : फिल्टर मध्ये आला की आजूबाजूचे तारे एकदम मंदावतात आणि ताऱ्यासारखाच वाटणारा एक ठिपका तेवढा जागेवर ठाम राहतो. तोच तेजोमेघ.

दिव्यांचे बदलते स्वरूप : पाऱ्याच्या दिव्यांच्या मुख्य रेषा ४३५.८, ५४६.१ आणि ५७८ च्या आसपास, तर सोडियमच्या ५८९ च्या आसपास येतात. तेजोमेघांची खिडकी त्यांच्यामध्ये बरीचशी मोकळी राहते. उच्च दाबाच्या सोडियम दिव्याची एक दुय्यम रेषा ४९८ च्या जवळ येते, म्हणजे ती खिडकी तेव्हाही पूर्ण स्वच्छ नव्हती. तरी पिवळ्या दिव्यांचा काळ या फिल्टरांचा सुवर्णकाळ म्हणावा लागेल. २०१५ पासून राबवलेल्या राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रमात आपल्याकडे एलईडी सर्वत्र आले. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश ४५० च्या निळ्या शिखरानंतर ४८० च्या सुमारास थोडा उतरतो, पण खंडित होत नाही, आणि खिडकीतून सलग आत येतो. फिल्टर निकामी झाले असे यावरून म्हणणे चूक आहे, कारण अरुंद पट्ट्याचा लाभ कायम राहतो. रुंद पट्ट्याच्या फिल्टरांचे मात्र दिवस भरले.

महाराष्ट्रातील निरीक्षण : आपले अक्षांश या बाबतीत भाग्याचे. धनू राशीतला लगून तेजोमेघ (मेसिए यादीतला एम ८) मुंबईहून ४७ अंशांपर्यंत चढतो, लंडनहून जेमतेम १४. कुंभेतला हेलिक्स (एनजीसी ७२९३) ५० अंश उंचीवर येतो. फिल्टरशिवाय पुसट डागही न वाटणारे त्याचे कडे ओ-थ्रीने उमटते. मुंबईच्या खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्री आणि १९४४ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेचे कार्यक्रम यांतून अनेकांची आकाशाशी पहिली ओळख झाली आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली.

शहराच्या गच्चीवर आकाशापेक्षा शेजारच्या खिडकीतला उजेड जास्त त्रास देतो. डोक्यावरून काळे कापड घेऊन, डोळा अर्धा तास अंधारात ठेवून पाहिले तरच फिल्टरचे पैसे वसूल होतात. जंबुकातला डंबेल (एम २७), मृगातला एम ४२ आणि स्वरमंडळातला कंकणाकृती एम ५७ यांच्यापासून सुरुवात करणे सोयीचे. हंसातला व्हेल हा ओ-थ्रीचा सर्वोत्तम नमुना. आकाशगंगा, तारकागुच्छ आणि कृत्तिकांभोवतालच्यासारखे परावर्तन तेजोमेघ यांचा प्रकाश ताऱ्यांचाच असल्याने फिल्टरचा तिथे काही उपयोग नाही. देवयानी आकाशगंगा तर फिल्टरने बिघडते. एच-बीटाची लक्ष्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. मृगातल्या बाणाच्या पूर्वेकडच्या ताऱ्याखालचा अश्वशीर्ष आणि ययातीतला कॅलिफोर्निया तेजोमेघ ही त्यांतली प्रमुख, आणि तीही शहराबाहेरची. एकच फिल्टर घ्यायचा तर यूएचसी घ्यावा.

जतन : जुन्या फिल्टरांचे मऊ लेप ओलावा शोषतात, पट्टा सरकतो आणि कडेकडून डाग पडत आत येतात. कोकणच्या पावसाळ्यात हे फार वेगाने होते. नव्या कठीण लेपांना हा धोका कमी असतो, तरी जून ते सप्टेंबर फिल्टर सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात ठेवावा, आणि पुडी गुलाबी पडली की बदलावी.