फाशीविरोधात सांत एजिदिओ : पार्श्वभूमी

दरवर्षी 30 नोव्हेंबरला रोमचे कोलोसियम उजळते आणि जगभरातली दोन हजारांहून अधिक शहरे सांत एजिदिओ या रोममधल्या कॅथलिक समुदायाच्या फाशीविरोधी मोहिमेत सामील होतात. तारीख इटलीतल्या टस्कनीची आहे. 1786 साली याच दिवशी तिथला ग्रँड ड्यूक लिओपोल्ड याने देहदंड कायद्यातूनच काढून टाकला. रोमला हा मान सांगता येत नाही. तिथे राज्य खुद्द पोपचे होते आणि जोवान्नी बुगात्ती या त्यांच्या जल्लादाने 1796 ते 1864 या काळात 516 जणांना मृत्युदंड दिला. एरवी हा गृहस्थ छत्र्यांचा धंदा करी आणि तिबेर नदीच्या पलीकडे राही. तो पूल ओलांडताना दिसला की आज कुणाची तरी पाळी आहे, हे रोमकर समजून जात. व्हॅटिकनच्या कायद्यात तर पोपवरील हल्ल्यासाठी देहदंडाची तरतूद 1969 पर्यंत होती, कधी वापरली नाही एवढेच.

याच शहरात 1968 मध्ये आन्द्रेआ रिकार्दी या शाळकरी मुलाने मित्रांना जमवून सांत एजिदिओ हा समुदाय सुरू केला. धर्मगुरू कोणी नाही, सगळे सामान्य श्रद्धाळू; काम झोपडपट्टीतल्या मुलांना शिकवण्याचे. फाशी हा त्यांचा विषयच नव्हता. तो आला पत्रातून. नव्वदच्या दशकात टेक्सासमधल्या मृत्युदंडाच्या एका तरुण कैद्याने मदत मागणारे पत्र लिहिले, ते इटलीच्या वर्तमानपत्रात छापून आले आणि समुदायातल्यांनी उत्तर धाडले. एकाचे अनेक झाले. कैद्यांशी पत्रमैत्री हे तेव्हापासून नेमाचे काम. त्या तरुणाला मात्र 2004 मध्ये विषारी इंजेक्शन देण्यात आले.

नुसत्या पत्रांनी सरकारे हलत नाहीत. पण 1992 मध्ये मोझांबिकच्या यादवीतला तह याच समुदायाच्या मध्यस्थीने रोममध्ये झाला होता, त्यामुळे आफ्रिकेतल्या मंत्र्यांची दारे त्यांना उघडी होती. माझ्या मते मोहिमेचे खरे बळ हेच. 2000 मध्ये फाशी थांबवावी या मागणीच्या बत्तीस लाख सह्या संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हाती दिल्या गेल्या. 2007 मध्ये पन्नास लाख. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने फाशी स्थगित ठेवण्याचा ठराव 104 विरुद्ध 54 मतांनी संमत केला.

भारत त्या 54 मध्ये होता आणि पुढेही विरोधातच राहिला. नोव्हेंबर 2012 मध्ये असाच ठराव आमसभेच्या समितीपुढे आला, भारताने विरोधी मत दिले आणि दोनच दिवसांनी येरवड्यात कसाबला फाशी झाली.

खुद्द कॅथलिक ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण या सगळ्यांच्या मागून आली. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात अतिगंभीर गुन्ह्यांसाठी देहदंडाला जागा होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ती 1995 नंतर जवळजवळ नाहीशी केली. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट 2018 मध्ये त्याच ग्रंथातला परिच्छेद 2267 नव्याने लिहवून घेतला: देहदंड अग्राह्य आहे आणि तो जगभरातून रद्द व्हावा यासाठी ख्रिस्तसभा निर्धाराने काम करील.