माध्यमे व चालू घडामोडींचा महाविद्यालयीन अभ्यासक्रम

रोजच्या बातम्या हेच पाठ्यसाहित्य मानून, त्या कशा गोळा होतात, कशा निवडल्या व मांडल्या जातात आणि वाचक-प्रेक्षक त्यांचा काय अर्थ लावतात, याचा पद्धतशीर अभ्यास घडवणारा पदवी पातळीवरील अभ्यासक्रम. तो वृत्तपत्रविद्या, राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा भाषा यांपैकी कोणत्याही विभागात चालवता येतो, आणि अनेक महाविद्यालयांत तो सर्व शाखांना खुला असा वैकल्पिक विषय असतो. व्यावसायिक वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणाचा हेतू पत्रकार घडवण्याचा असतो. या अभ्यासक्रमाचा रोख जाणता वाचक घडवण्याकडे आहे. परीक्षेसाठी नावे, पदे व तारखा पाठ करून घेणाऱ्या सामान्यज्ञानाच्या वर्गांशी त्याचे नाव जुळते, पण काम जुळत नाही. घटना माहीत असणे ही येथे पूर्वअट आहे आणि खरा अभ्यासविषय आहे ती घटनेची बातमी.

अशा अभ्यासक्रमाची मुख्य अडचण काळाची आहे. सत्र काही महिने चालते, त्याचा आराखडा आधी मंजूर व्हावा लागतो, आणि बातमी मात्र दुसऱ्या दिवशी शिळी होते. साहित्य आधीच ठरवून ठेवले तर वर्गात जुन्या घडामोडींचा इतिहास शिकवला जातो, आणि सगळे रोजच्या मथळ्यांवर सोडले तर तासाला कट्ट्यावरच्या गप्पांचे रूप येते. यातून अनुभवी अध्यापक एकच वाट काढतात : प्रश्न आणि पद्धत सत्रभर तीच ठेवायची, उदाहरणे मात्र चालू काळ पुरवील ती घ्यायची. ही बातमी कोणी सांगितली, सांगणाऱ्याला ते कसे कळले, कोणाशी बोलणे झाले नाही, आणि हीच घटना काल का बातमी नव्हती, हे चार प्रश्न पहिल्या दिवशी जितके उपयोगी असतात तितकेच शेवटच्या दिवशीही असतात.

पार्श्वभूमी

विद्यापीठीय पत्रकारिता शिक्षणाला विसाव्या शतकाच्या आरंभी स्थिर रूप आले. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाचे पत्रकारिता विद्यालय 1908 मध्ये, तर जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून उभे राहिलेले कोलंबिया विद्यापीठातील विद्यालय 1912 मध्ये सुरू झाले. बातमी लिहिण्याऐवजी ती तपासण्याचा अभ्यास मात्र पहिल्या महायुद्धानंतर आकाराला आला. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ यांनी 1920 मध्ये ‘न्यू रिपब्लिक’ या साप्ताहिकात रशियन क्रांतीविषयीच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधील वार्तांकनाची तपासणी प्रसिद्ध केली. क्रांतीतून आलेली बोल्शेविक (कम्युनिस्ट) सत्ता कोसळली किंवा कोसळण्याच्या बेतात आहे, असे त्या पत्राने 91 वेळा छापले होते, असे त्यांना मोजणीत आढळले. बातमीदार मुद्दाम खोटे बोलले, असा त्यांचा आरोप नव्हता. आपल्याला जे घडावेसे वाटते तेच घडताना दिसते, हा त्यांचा निष्कर्ष होता. आजही कोणत्याही वर्गात पहिला पाठ म्हणून हा लेख द्यावा अशा योग्यतेचा तो आहे, कारण एका नामांकित वृत्तपत्राची चूक केवळ त्याचे अंक ओळीने वाचून उघड करता येते, हे विद्यार्थ्याला त्यातून समजते.

प्रचाराची तंत्रे ओळखायला शिकवण्याचा मोठा प्रयत्न 1937 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या प्रचार-विश्लेषण संस्थेने केला. तिने सांगितलेली प्रचाराची सात तंत्रे पुढे शाळा-महाविद्यालयांत शिकवली गेली. 1982 मध्ये 19 देशांच्या प्रतिनिधींनी युनेस्कोच्या परिषदेत ग्रुनवाल्ड जाहीरनामा संमत केला. माध्यमांच्या शक्तीचा निषेध करण्यापेक्षा किंवा तिला शरण जाण्यापेक्षा त्यांचे शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यावे, अशी त्याची भूमिका आहे. बातमीसाक्षरता हा शब्द घेऊन उभा राहिलेला अलीकडचा प्रवाह 2007 मध्ये न्यूयॉर्कमधील स्टोनी ब्रूक विद्यापीठात स्थापन झालेल्या केंद्रामुळे ओळखला जाऊ लागला.

सैद्धांतिक आधार

सिद्धांत थोडे असावेत, पण सत्रभर वापरात असावेत. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रुगे यांनी 1965 मध्ये काँगो, क्यूबा व सायप्रस येथील पेचप्रसंगांच्या नॉर्वेजियन वृत्तपत्रांतील बातम्या अभ्यासून घटनेची बातमी होण्यामागचे बारा घटक मांडले. घटनेची व्याप्ती, तिचे अनपेक्षितपण, तिची सांस्कृतिक जवळीक, थोरामोठ्यांचा सहभाग हे त्यांपैकी काही. मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनल्ड शॉ यांनी अमेरिकेच्या 1968 च्या अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल या गावातील 100 अनिश्चित मतदारांच्या मुलाखती घेतल्या. मतदारांना जे प्रश्न महत्त्वाचे वाटत होते आणि माध्यमांनी ज्यांना जागा दिली होती, त्यांत त्यांना घट्ट संबंध आढळला; 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून विषयपत्रिका-निर्धारणाचा, म्हणजे लोकांनी कोणत्या प्रश्नांचा विचार करावा हे माध्यमे ठरवतात असा, सिद्धांत पुढे आला. त्याला मांडणीच्या चौकटीची, म्हणजे घटना कोणत्या बाजूने दाखवली जाते याची, संकल्पना जोडली की बहुतेक कामासाठी साधने पुरतात. एखाद्या संपाची बातमी ‘प्रवाशांचे हाल’ म्हणून येते की ‘वेतनाचा प्रश्न’ म्हणून, यावर वाचक कोणाला जबाबदार धरील हे बरेचसे ठरते. विद्यार्थी ही गोष्ट मथळे शेजारी-शेजारी ठेवून स्वतः शोधतात, तेव्हा ती व्याख्यानापेक्षा खोलवर रुजते.

सत्राची आखणी

सर्वांत टिकाऊ ठरलेली रचना अशी की विद्यार्थ्यांचे लहान गट करून प्रत्येक गटाकडे एक वृत्तस्रोत संपूर्ण सत्रासाठी सोपवायचा : एका गटाकडे दैनिक, दुसऱ्याकडे दूरचित्रवाणी वाहिनी, तिसऱ्याकडे आकाशवाणीचे बातमीपत्र, चौथ्याकडे केवळ महाजालावर चालणारे वृत्तस्थळ, पाचव्याकडे समाजमाध्यमांवरील बातम्यांचा ओघ. सलग दोन-अडीच महिने एकच स्रोत वाचल्याशिवाय त्याच्या सवयी कळत नाहीत. कोणत्या दिवशी पाने कमी असतात, कोणाचे म्हणणे पहिल्या परिच्छेदात येते आणि कोणाचे शेवटी, हे एका अंकावरून दिसत नाही. वेळापत्रकात काही तास मुद्दाम मोकळे ठेवावे लागतात, कारण मोठी घटना आराखडा पाहून घडत नाही.

घटना ताजी असताना तिच्यावर वर्गात निकाल देण्याची घाई टाळणे ही या विषयातील कदाचित सर्वांत महत्त्वाची शिस्त आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत विद्यार्थ्यांनी फक्त नोंद करावी : कोणत्या वेळी काय सांगितले गेले, कोणाच्या हवाल्याने, आणि नंतर त्यात काय बदलले. दुर्घटनेतील मृतांचे आकडे हे याचे ठळक उदाहरण होय. पोलीस, रुग्णालये व मदतसंस्था वेगवेगळ्या यादीवरून मोजतात, बेपत्ता व्यक्ती कधी धरल्या जातात तर कधी नाहीत, एकच नाव दोन याद्यांत येते, आणि म्हणून पहिला आकडा चुकीचा निघाला तरी त्यामागे लपवाछपवी असेलच असे नाही. दोन आठवड्यांनी त्याच नोंदी समोर ठेवल्या म्हणजे आपण पहिल्या दिवशी कशावर विश्वास ठेवला होता, हे विद्यार्थ्यांना आपल्याच हस्ताक्षरात वाचायला मिळते.

दुसरा लाभदायक सराव बातमीचा उगम शोधण्याचा आहे. एकच बातमी पाच ठिकाणी दिसली की नवशिका वाचक पाच साक्षीदार मोजतो. मजकूर ओळीला ओळ लावून पाहिला की पाचही ठिकाणी एकाच वृत्तसंस्थेची तार वापरलेली आढळते. 1846 मध्ये स्थापन झालेली असोसिएटेड प्रेस, 1851 मधील रॉयटर्स, आणि जिची परंपरा 1835 च्या हावास संस्थेपर्यंत जाते ती फ्रेंच वृत्तसंस्था एएफपी यांचे जागतिक बातमी-व्यवहारातील स्थान समजल्याशिवाय परदेशी घडामोडींचे वाचन अपुरे राहते. प्रसिद्धिपत्रकावरून जशीच्या तशी उतरवलेली बातमी ओळखणे हा याच सरावाचा पुढचा टप्पा आहे.

पडताळणी

महाजालावरील मजकूर कसा तपासावा याविषयीचे शिक्षण गेल्या काही वर्षांत मुळापासून बदलले आहे. पूर्वी विद्यार्थ्यांना तपासणीची यादी दिली जाई : लेखकाचे नाव आहे का, संकेतस्थळ नीटनेटके आहे का, पत्ता कोणत्या प्रकारचा आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि 25 पदवी विद्यार्थी यांची तुलना केली, तेव्हा ही यादी किती दुबळी आहे ते उघड झाले. इतिहासकार व विद्यार्थी समोरचे पान वरून खाली वाचत राहिले आणि बोधचिन्हे, नावे, देखणी मांडणी यांना भुलले. तपासनीसांनी मात्र ते पान लगेच बाजूला ठेवले आणि त्या संस्थेविषयी इतरांनी काय लिहिले आहे ते नव्या खिडक्या उघडून पाहिले. या पद्धतीला आडवे वाचन म्हणता येईल. ती एका तासात दाखवता येते, पण अंगवळणी पडायला सत्रभर सराव लागतो, म्हणून ती स्वतंत्र घटक म्हणून उरकण्याऐवजी प्रत्येक तासात वापरणे योग्य ठरते.

छायाचित्रांसाठी उलट प्रतिमाशोध (चित्रच देऊन ते महाजालावर आणखी कोठे आहे हे शोधणे), सावल्या, पाट्या व इमारतींवरून स्थळकाळाचा अंदाज, आणि जुने चित्र नव्या घटनेला चिकटवलेले आहे का हे पाहणे, ही कौशल्ये शिकवली जातात. यंत्राने निर्माण केलेल्या चित्र-ध्वनींमुळे केवळ डोळ्यांवर विसंबणे आता धोक्याचे झाले आहे. चित्र प्रथम कोठे व कोणी प्रसिद्ध केले, हा प्रश्न त्यामुळे अधिकच कळीचा झाला. याबरोबर एक इशाराही द्यावा लागतो. 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1,26,000 कहाण्या तपासल्या गेल्या आणि खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा अधिक वेगाने व दूरवर पसरलेल्या आढळल्या. तो प्रसार मुख्यतः माणसांनीच केला होता, यंत्रचालित खात्यांनी नव्हे. आपण पुढे पाठवलेला मजकूर हाही म्हणून अभ्यासाचा विषय ठरतो. त्याच वेळी सर्वच बातम्या खोट्या असतात, असा सरसकट अविश्वास शिकवून अभ्यासक्रम संपला तर तो फसला असे मानले पाहिजे. चुकीची दुरुस्ती छापणारे पत्र आणि कधीच न छापणारे पत्र यांतील फरक ओळखता येणे हे संशयापेक्षा अधिक कठीण व अधिक मोलाचे आहे.

वादग्रस्त विषय आणि अध्यापकाची भूमिका

चालू घडामोडी म्हटल्या की निवडणुका, युद्धे, दंगली, न्यायालयीन निकाल आले, आणि विद्यार्थ्यांपैकी कोणाचे तरी आप्त, धर्म, वंश किंवा पक्ष त्यांत गुंतलेले असतात. अध्यापकाने आपले मत सांगावे का, हा जुना वाद आहे. ब्रिटनमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांच्या मार्गदर्शनाखाली 1967 मध्ये सुरू झालेल्या मानव्यविद्या अभ्यासक्रम प्रकल्पात शिक्षकाने चर्चेचा तटस्थ अध्यक्ष व्हावे आणि पुरावे पुरवावेत, अशी रीत घालून देण्यात आली. पश्चिम जर्मनीत 1976 मध्ये बॉयटेल्सबाख येथे झालेल्या परिषदेतून पुढे आलेली तत्त्वे अधिक नेमकी आहेत : विद्यार्थ्याला मतासाठी दडपून टाकू नये, समाजात व विद्याक्षेत्रात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच यावे, आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती व हितसंबंध तपासता यावेत. यांतील दुसऱ्या तत्त्वाची दुसरी बाजू वर्गात विशेष उपयोगी पडते. ज्यावर पुराव्याने निर्णय झालेला आहे, त्याला केवळ समतोलाच्या नावाखाली वादग्रस्त बनवू नये. दोन बाजूंना समान वेळ दिल्याने बातमी न्याय्य होतेच असे नाही, हे माध्यमांना लागू असेल तर वर्गालाही लागू आहे.

व्यवहारात चर्चेचा विषय बातमीवर ठेवल्याने बराच ताण कमी होतो. ‘कोण बरोबर’ असे विचारले की वर्ग दुभंगतो. ‘या बातमीत कोणाला नाव आहे आणि कोणाचा उल्लेख केवळ जमाव म्हणून आहे’ असे विचारले की परस्परविरोधी मतांचे विद्यार्थी एकाच कागदावर खुणा करू लागतात. हिंसेची चित्रे दाखवण्यापूर्वी तशी कल्पना देणे आणि न पाहण्याची मुभा ठेवणे आवश्यक आहे. ज्याच्या घरावर ती घटना ओढवली आहे अशा विद्यार्थ्याला त्याने स्वतःहून इच्छा दर्शवल्याखेरीज साक्षीदार म्हणून उभे करू नये.

आशय-विश्लेषण व मूल्यमापन

सत्राच्या उत्तरार्धात गटाने एक लहान आशय-विश्लेषण, म्हणजे ठरावीक बातम्यांची ठरलेल्या निकषांवर मोजणी, पूर्ण करावे अशी अपेक्षा असते. नमुना निवडताना ‘रचित आठवडा’ वापरतात : एका आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार, असे दिवस चिठ्ठी काढून जमवतात, कारण वृत्तपत्राचा आशय वाराप्रमाणे बदलतो. दैनिकाच्या वर्षभराच्या आशयासाठी असे दोन रचित आठवडे पुरतात, असे 1993 मधील एका संशोधनात दिसले आहे. दोन विद्यार्थी एकमेकांशी न बोलता तेच अंक संकेतबद्ध करतात, म्हणजे प्रत्येक बातमी ठरलेल्या वर्गांत नोंदवतात, आणि त्यांच्या नोंदी किती जुळतात ते मोजले जाते. पहिल्या खेपेला त्या बहुधा जुळत नाहीत. ‘नकारात्मक’ म्हणजे काय यावरून होणारा वाद हा या कामातला सर्वांत शिकवणारा भाग आहे, आणि त्यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.

घटनांवरील प्रश्नोत्तरांची परीक्षा अल्प गुणांची असावी. बाकी गुण नोंदवही, पडताळणीचे टिपण आणि आशय-विश्लेषण यांत विभागता येतात; गुण पुराव्याच्या वापराला दिले जातात, मताच्या दिशेला नाहीत, हे विद्यार्थ्यांना आरंभीच लेखी सांगितलेले बरे.

साहित्य जपणे

महाजालावरील बातम्या प्रसिद्धीनंतर बदलतात, मथळे बदलतात, पाने नाहीशी होतात, म्हणून वाचलेली आवृत्ती तारीख व वेळेसह जतन करावी लागते. संकेतस्थळांच्या जुन्या आवृत्त्या साठवणारे, 2001 पासून सर्वांना खुले असलेले ‘वेबॅक मशीन’ त्यासाठी उपयोगी पडते. दूरचित्रवाणीच्या बाबतीत अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 1968 पासून जपलेला राष्ट्रीय बातमीपत्रांचा संग्रह प्रसिद्ध आहे. स्वामित्वहक्काच्या दृष्टीने बर्न करारात (स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात) दिवसाच्या निव्वळ वार्तेला संरक्षण नाही, आणि त्याच्या दहाव्या कलमात अवतरणासाठी व अध्यापनातील उदाहरणासाठी वापराची तरतूद आहे. तिची मर्यादा मात्र प्रत्येक देशाच्या कायद्याने ठरते. गटांनी जमवलेला संग्रह सत्र संपल्यावर पुढच्या तुकडीकडे सोपवण्याची प्रथा चांगली आहे. चौकशी अहवाल, न्यायालयाचे निकाल आणि वृत्तपत्रांच्या दुरुस्त्या बहुतेकदा मूळ बातमीनंतर वर्षभराने येतात, आणि त्या जुन्या कात्रणापुढे तारखेनिशी लिहून ठेवण्याचे काम नव्या तुकडीच्या पहिल्या आठवड्यात येते.